तालिबानच्या काझीकडे लोक का जात होते?

अफगाणिस्तानाविषयी वाचताना सामान्य वाचकाला एक प्रश्न हमखास पडतो. २००१ मध्ये तालिबानची राजवट कोसळली. पुढची वीस वर्षे काबूलच्या सरकारमागे अमेरिकेचे सैन्य होते, अब्जावधी डॉलर होते, निवडणुका होत्या, लिखित राज्यघटना होती. तरीही १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये परतले. ते पुन्हा उभे राहिले कसे? उत्तरात पाकिस्तानातले आश्रयस्थान येते, अमेरिका आणि तालिबान यांच्यातला दोहा करार येतो, सरकारी सैन्यातला भ्रष्टाचार येतो. ही सगळी कारणे खरी आहेत. पण त्यांच्या आड एक साधी गोष्ट दडून राहते. या वीस वर्षांत हजारो शेतकरी आपल्या जमिनीचा दावा घेऊन तालिबानच्या काझीकडे आपल्या पायांनी जात होते. सरकारच्या ताब्यातल्या भागात राहणारेही जात होते. मुलींची शाळा बंद करणारी, चाबकाचे फटके देणारी संघटना बांधावरच्या भांडणात लोकांना भरवशाची का वाटली? हे समजले तर यादवी युद्ध खेड्यात नेमके कशावर जगते, तेही समजते.

१. भाऊबंदकीचा पश्तो शब्द

अफगाणिस्तानातल्या पश्तून समाजाच्या पश्तो भाषेत चुलत भावाला ‘तरबुर’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे प्रतिस्पर्धी, वैरी. त्यावरून ‘तरबुरवली’ हा शब्द आला. मराठी वाचकाला त्याचे भाषांतर करून सांगायची गरज नाही, ‘भाऊबंदकी’ म्हटले की पुरे. कारणही तेच आहे. आजोबाची जमीन बापाला आणि काकांना मिळते, त्यांच्याकडून मुलांना, आणि दर पिढीला तुकडा लहान होत जातो. ज्याच्याशी बांध लागून असतो तो परका नसतो, रक्ताचाच असतो. त्यात या देशातली पिकाऊ जमीन एकूण भूभागाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी, आणि तीतही भरवशाचे पीक फक्त पाटपाण्यावर. डोंगरातले पाणी ‘कारेज’ नावाच्या भूमिगत पाटांनी खाली आणले जाते आणि कुणाला किती वेळ पाणी मिळणार हे ‘मिराब’ ठरवतो. जमिनीचे भांडण तिथे बहुधा पाण्याचेही भांडण असते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाट फोडला तर खालच्याचे गव्हाचे पीक हातचे जाते.

या भांडणांची भाषाही आपल्याला अनोळखी नाही. जमीन, दावा, हक्क, वारस, काझी, सनद, कबाला हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि शतकानुशतके आपल्या दफ्तरांत राहिले. अफगाण शेतकरी आजही हेच शब्द वापरतो. त्याच्याकडे जमिनीचा जो कागद असतो त्याला ‘कबाला’ म्हणतात. तो दोन प्रकारचा असतो. न्यायालयात नोंदलेला तो शरई कबाला, आणि गावच्या साक्षीदारांसमोर लिहिलेला, अंगठे उमटवलेला तो उर्फी, म्हणजे रूढीचा कबाला. खेड्यांत दुसऱ्या प्रकारचेच कागद अधिक. सातबाऱ्यासारखा एकच सर्वमान्य उतारा तिथे नाही, कारण युद्धापूर्वी जमिनीची मोजणी देशाच्या काही भागापुरतीच झाली होती.

युद्ध नव्हते तेव्हा अशी भांडणे जिरग्यात मिटत. जिरगा म्हणजे जाणत्या माणसांची बैठक, आपल्या गोतसभेची आठवण करून देणारी. दोन्ही बाजू जिरग्याला निर्णयाचा अधिकार देत आणि निर्णय पाळण्याची हमी म्हणून बंदूक किंवा रोकड अनामत ठेवत. निर्णय मोडला तर अनामत गेली. ही व्यवस्था चालत होती, कारण भांडणाऱ्यांना पुन्हा त्याच गावात राहायचे होते आणि जाणत्यांचा शब्द मोडून राहणे अवघड होते. या दोन अटी लक्षात ठेवायला हव्यात, कारण युद्धाने नेमक्या त्याच मोडल्या. निम्मे गाव परदेशी गेले, आणि ज्याच्या हाती यांत्रिक बंदूक आली त्याला जाणत्यांची भीती उरली नाही. जिरग्याला हळवेपणाने गौरवू नये, हेही सांगितले पाहिजे. रक्ताचे वैर मिटवण्यासाठी एका घरची मुलगी दुसऱ्या घरी ‘बाद’ म्हणून देण्याची प्रथा याच बैठकांनी चालवली. २००९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला, तरी ती थांबली नाही.

२. एका शेताचे चार मालक

आता एक हिशेब मांडू. माणसे कल्पित आहेत, घटनाक्रम खऱ्या इतिहासाचा आहे. समजा दक्षिणेत हेलमंद नदीकाठच्या गावी एका जमीनदाराकडे ५० जेरीब बागायती जमीन होती. एक जेरीब म्हणजे दोन हजार चौरस मीटर, आपले साधारण २० गुंठे. म्हणजे ही झाली सुमारे २५ एकर. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये साम्यवादी पक्षाने सत्ता घेतली आणि वर्षअखेरीस आठव्या क्रमांकाचा हुकूम काढला : उत्तम प्रतीची जमीन एका कुटुंबाला ३० जेरीबपर्यंतच, वरची सगळी भूमिहीनांना, मोबदला शून्य. आमच्या जमीनदाराची २० जेरीब गेली. ती ज्या भूमिहीनाला मिळाली त्याच्या हाती सरकारी कागद आला, पण बैल नव्हते, बियाणे नव्हते आणि पाटाच्या पाण्यात हिस्सा नव्हता. हे सारे आजवर जमीनदार देत असे. त्याआधीच्या सहाव्या हुकमाने छोट्या शेतकऱ्यांचे जुने गहाणाचे व्यवहारही एका फटक्यात रद्द केले होते. तिथे ‘गिरवी’ची पद्धत होती, आपल्या ताबे गहाणासारखी : पैसे देणारा पैसे परत मिळेपर्यंत जमीन कसतो. हुकूम निघाला आणि हजारो लोकांना कळेना की आपण सावकार आहोत, कूळ आहोत की चोर.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य आले. जमीनदार पाकिस्तानात पळाला. बॉम्बफेक वाढल्यावर भूमिहीनही पळाला. त्या दशकात पन्नास लाखांहून अधिक अफगाण पाकिस्तान आणि इराणात निर्वासित झाले. मोकळ्या पडलेल्या जमिनीवर सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्या एका मुजाहिदीन कमांडरने कब्जा केला आणि गावात राहिलेल्यांकडून ती कसून घेऊ लागला. १९९० च्या दशकात त्याने ती शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याला विकली. त्याने रोख पैसे मोजले, साक्षीदारांसमोर रूढीचा कबाला करून घेतला. २००२ मध्ये निर्वासित परत येऊ लागले. जमीनदाराची मुले आली, त्यांच्याकडे आजोबांच्या काळचा शरई कबाला होता. भूमिहीनाचा मुलगा आला, त्याच्याकडे १९७९ चा सरकारी कागद होता. खरेदीदार तिथेच होता, त्याच्याकडे त्याचा कबाला आणि दहा वर्षांचा घाम होता. आणि कमांडर? तो आता सरकारच्या बाजूने जिल्ह्याचा पोलीस अधिकारी झाला होता आणि जमीन आपलीच असल्याचे सांगत होता.

यातला खोटारडा फार तर एक आहे. बाकी तिघांकडे आपापल्या काळातल्या सत्तेने किंवा गावाने मान्य केलेला पुरावा आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात याची नेमकी प्रतिमा सापडते. छत्रपती राजारामांच्या काळात मोगल-मराठा युद्ध चालू असताना एकाच वतनाचे दोन दावेदार असत. एकाकडे मोगलांची सनद, दुसऱ्याकडे मराठ्यांची. कुठल्या सनदेला अर्थ आहे ते शेवटी युद्धाच्या निकालावर ठरणार, म्हणून दोघेही आपापल्या सनदेसाठी लढत. अफगाण गावात असे एक नव्हे, चार थर साचले होते. पहिला मुद्दा इथेच पक्का होतो. यादवी युद्ध लांबले की जमिनीची भांडणे नुसती वाढत नाहीत, त्यांतली प्रत्येक बाजू कुठल्या ना कुठल्या राजवटीला बांधली जाते.

३. खबर

राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कालिव्हास यांनी ग्रीसच्या यादवी युद्धाचा गावपातळीवर अभ्यास केला आणि २००६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की अशा युद्धांतली बरीच हिंसा वरून ठरलेली नसते. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध खबर देतो, आणि खबरेच्या पोटात जुने खाजगी भांडण असते. बाहेरून आलेल्या सैन्याला ते भांडण दिसत नाही, त्याला फक्त ‘शत्रू’ दिसतो. २००१ नंतरच्या अफगाणिस्तानात हे वारंवार घडले. परदेशी सैनिकांना स्थानिक भाषा येत नव्हती, आणि ‘अमुक माणूस तालिबानचा आहे’ एवढे सांगितले की त्याच्या घरावर रात्री छापा पडे. तरबुराचा काटा काढायला याहून सोपा मार्ग कुठला? हेलमंदचा बारकाईने अभ्यास करणारे ब्रिटिश लेखक माइक मार्टिन यांचे म्हणणे असे की तिथले लोक ज्या युद्धात होते ते मुख्यतः जमीन, पाणी आणि स्थानिक सत्तेचे होते. ‘सरकार’ आणि ‘तालिबान’ ही नावे त्यावर चढवलेली होती. मला हे मत थोडे टोकाचे वाटते, कारण तालिबानमध्ये श्रद्धेने लढणारेही पुष्कळ होते. पण त्याचा गाभा नाकारता येत नाही.

नांगरहार प्रांतातले उदाहरण हे चांगले दाखवते. जानेवारी २०१० मध्ये शिनवारी जमातीच्या प्रमुखांनी तालिबानला आपल्या भागात थारा देणार नाही असा करार केला. अमेरिकेला इतका आनंद झाला की विकासकामांसाठी दहा लाख डॉलर देण्याचे आश्वासन मिळाले. काही आठवड्यांतच अचिन जिल्ह्यात याच जमातीच्या दोन शाखा, अलीशेरखेल आणि सिपाई, एका पडीक जमिनीवरून एकमेकांवर गोळ्या झाडू लागल्या. जमातीची एकजूट फुटली आणि करार उरला नाही. ज्या जमिनीवर गवतही नीट उगवत नव्हते तिने एका महासत्तेची योजना मोडली, कारण त्या जमिनीचा निकाल लावणारे कुणीच नव्हते.

४. सरकारी न्यायालयाची वाट

निकाल लावायला न्यायालय होतेच की, असे कुणी म्हणेल. कागदावर होते. पण कित्येक जिल्ह्यांतले न्यायाधीश जिवाच्या भीतीने प्रांताच्या मुख्य शहरात राहत. शेतकऱ्याला भाड्याच्या गाडीने, नाक्यानाक्यावर पैसे चारत तिथे जावे लागे. मग तारखा. मग लाच. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अफगाण नागरिकांनी एका वर्षात सुमारे अडीच अब्ज डॉलर लाच दिली होती. हा आकडा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्श्याचा. एका वेळच्या लाचेची सरासरी १६० डॉलर होती. आमच्या उदाहरणातल्या भूमिहीनाच्या मुलाला ही रक्कम कुठून आणता येणार? शिवाय लाच दोन्ही बाजू देऊ शकत, त्यामुळे विकत घेतलेला निकालही टिकत नसे. वरच्या न्यायालयात तो पुन्हा विकत घेता येई. आणि निकाल हाती आला तरी तो अमलात आणायचा पोलिसांनी, ज्यांचा अधिकारी हाच चौथा दावेदार.

सत्ताधारी स्वतः जमिनी गिळत असल्याची प्रसिद्ध घटना शहरातली आहे, पण तिचा संदेश खेड्यापर्यंत गेला. सप्टेंबर २००३ मध्ये काबूलच्या शेरपूर भागात गरिबांची घरे बुलडोझरने पाडण्यात आली आणि ते भूखंड बड्या लोकांना मिळाले. निवाऱ्याच्या हक्कावर संयुक्त राष्ट्रांचे विशेष अधिकारी म्हणून काम करणारे भारतीय वास्तुविशारद मिलून कोठारी त्या वेळी तिथे होते. यात मंत्र्यांचा हात असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. तिथे मोठमोठे बंगले उठले आणि आजही उभे आहेत. अमेरिकेने न्यायव्यवस्था सुधारण्याच्या कार्यक्रमांवर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. इमारती झाल्या, प्रशिक्षणे झाली. पण कमांडरच्या ताब्यातले शेत सोडवून देईल असा माणूस त्यातून जिल्ह्यात आला नाही.

५. मोटारसायकलवरचा काझी

तालिबानने पुन्हा डोके वर काढले तेव्हा त्यांनी काझी नेमायला लवकर सुरुवात केली. हे काझी मशिदीत, कुणाच्या घरी, झाडाखाली बसत आणि हवाई हल्ल्याच्या भीतीने मोटारसायकलवरून जागा बदलत. पद्धत साधी होती. दोन्ही बाजूंना बोलावायचे, निर्णय मानण्याची हमी घ्यायची, कागद आणि साक्षीदार पाहायचे. हनफी न्यायशास्त्राचा, म्हणजे सुन्नी इस्लामी कायद्याच्या तिथे चालणाऱ्या परंपरेचा, नियम असा की दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा, पुरावा नसेल तर नाकारणाऱ्याने शपथ घ्यायची. निकाल काही दिवसांत किंवा आठवड्यांत लागे. त्यावर वरच्या काझीकडे दाद मागता येई. काझींच्या बदल्या होत, आणि लढणारा कमांडर आणि न्याय देणारा काझी यांना वेगळे ठेवण्याचा प्रयत्न असे. तालिबानने आपल्या लोकांसाठी ‘लायहा’ नावाची आचारसंहिता केली होती. २००६ मध्ये ती निघाली, २००९ आणि २०१० मध्ये सुधारली गेली. तिच्यात एक तरतूद अशी होती की आपल्या पहिल्या राजवटीत रीतसर निकालात निघालेला वाद पुन्हा उघडायचा नाही, मग एखादी बाजू कितीही नाराज असो.

माझ्या मते सगळी किल्ली या तरतुदीत आहे. चार थरांच्या कागदांत गुरफटलेल्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त हवे होते ते भांडणाचे संपणे. भांडण चालू आहे तोवर कुणी विहीर खोदत नाही, झाडे लावत नाही, पोराचे लग्नही ठरत नाही. पाटाकाठी दोन घरांची माणसे बंदुका घेऊन रात्र जागवतात. थोडी कमी जमीन मिळाली पण उद्या ती कुणी मागणार नाही, हे आश्वासन त्याला दहा वर्षे रेंगाळणाऱ्या पूर्ण हक्कापेक्षा मोलाचे होते. ज्याने ते दिले त्याला त्याने सत्ता मानले. त्याच्या नाक्यावर थांबला, त्याला पिकाचा दहावा हिस्सा दिला, त्याच्याविरुद्ध खबर द्यायला कचरू लागला, कारण तालिबान गेले तर आपला निकालही जाणार होता. जमिनीचा एक निकाल दिला की एका घराचे हित त्या बाजूच्या विजयात गुंतते.

६. ‘हे सगळे भीतीपोटी होते’

पहिला आक्षेप हाच येतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. तालिबानच्या निकालामागे बंदूक होती, न मानणाऱ्याला मार पडे. खरे आहे. पण प्रतिवादी भीतीने येतो, वादी भीतीने येत नाही. वादी उन्हातून चालत येतो, कारण त्याला ती भीती दुसऱ्या बाजूवर बसवून हवी असते. सरकारी न्यायालयात नेमकी हीच गोष्ट मिळत नव्हती. अंमलबजावणीची ताकद ही कुठल्याही न्यायाचा भाग असते. आपल्याकडेही निकालामागे पोलीस आणि जप्ती उभी असते, म्हणून त्याला किंमत आहे.

दुसरा आक्षेप असा की अफगाण लोक धार्मिक, त्यांना शरियतचाच न्याय हवा होता. पण सरकारी कायदा शरियतविरोधी नव्हता. १९७७ ची नागरी संहिता बऱ्याच अंशी हनफी न्यायशास्त्रावर उभी होती, आणि २००४ च्या राज्यघटनेने कायदा मूक असेल तिथे हनफी न्यायशास्त्र लावायची मुभा दिली होती. जमिनीच्या बाबतीत दोन्हीकडे नियम पुष्कळसे सारखेच होते. फरक होता तो निकाल विकत मिळतो की नाही, आणि लागल्यावर टिकतो की नाही, यात. तालिबानचा काझी दैवी कायदा सांगतो म्हणून त्याचे वजन वाढले असेल, पण तेवढ्यावर लोक आले नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : ही तुलनाच तालिबानने बंदुकीने घडवली होती. सरकारी न्यायाधीश जिल्ह्यात राहत नव्हते, कारण तालिबान त्यांना मारत होते. जाणते जिरग्यात बसेनात, कारण सरकारच्या बाजूच्या जाणत्यांनाही मारले गेले. ३ एप्रिल २०१३ रोजी फराह शहरातल्या न्यायालयावर तालिबानने हल्ला केला आणि चाळीसहून अधिक माणसे ठार झाली. दुसऱ्याचे दुकान जाळून आपल्या दुकानात गर्दी जमवणे म्हणजे लोकप्रियता नव्हे, हे मी मान्य करतो. तरीही दोन गोष्टी उरतात. लाच तालिबानने शिकवली नव्हती. आणि सरकारचा पुरता ताबा असलेल्या शहरांतूनही लोक दावे घेऊन बाहेर जात होते.

७. कोण हरले

या न्यायाची किंमत कुणी मोजली ते पाहिल्याशिवाय विषय पुरा होत नाही. हनफी कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वारसा आहे. पश्तून रूढीत तिला बहुधा काहीच मिळत नाही. म्हणजे काझीने ग्रंथाप्रमाणे न्याय केला तर तो जिरग्यापेक्षा स्त्रीला जास्त देणारा ठरतो, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तालिबानच्या प्रमुखाने स्त्रियांना वारसा द्यावा, स्त्री ही मालमत्ता नाही, असा आदेशही काढला. पण हक्क मागायला स्त्रीला दार ठोठवावे लागते. त्या दारापलीकडे फक्त पुरुष बसले होते, आणि भावाविरुद्ध दावा लावणाऱ्या बहिणीला राहायला घर उरत नाही. जुन्या सरकारच्या काळात देशात दोनशेहून अधिक महिला न्यायाधीश होत्या. २०२१ नंतर त्यांतली एकही त्या आसनावर नाही.

दुसरे हरले ते ज्यांची जमात विजेत्यांची नव्हती. याची मुळे जुनी आहेत. अमीर अब्दुर रहमान याने १८९० च्या दशकात हजारा लोकांचा प्रदेश जिंकला आणि तिथली कुरणे पश्तून भटक्या कुचींना फर्मानाने दिली. आजही मध्य अफगाणिस्तानातल्या बेहसूदमध्ये कुची फर्मान दाखवतात आणि हजारा पिढ्यांचा ताबा दाखवतात. युद्धकाळात तालिबानचा काझी दोन पश्तून भावांमध्ये तटस्थ राहू शकत होता, कारण दोघांचीही त्याला गरज होती आणि दोघांपैकी कुणीही सरकारकडे जाऊ शकत होता. तटस्थपणा त्या स्पर्धेने टिकवला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा संपली. पुढच्या दोनच महिन्यांत दायकुंडी आणि उरुझगानमधल्या शेकडो हजारा कुटुंबांना जमिनीच्या वादात थोड्या दिवसांच्या मुदतीवर घरे सोडायला लावली गेली.

२०२२ मध्ये तालिबान सरकारने बळकावलेल्या जमिनी परत घेण्यासाठी आयोग आणि खास न्यायालय नेमले. तिथे सरकार स्वतःच दावेदार आहे आणि स्वतःच न्यायाधीश. २०२३ च्या शरद ऋतूपासून पाकिस्तानने, आणि इराणनेही, लाखो अफगाणांना परत पाठवले आहे. त्यांतल्या कित्येकांचा जन्म परदेशातल्या छावणीत झाला आहे. आजोबांचे शेत त्यांनी पाहिलेले नाही, त्याच्यावर आता दुसऱ्या कुणाचा गहू उभा आहे, आणि दावा मांडायला देशात एकाच सत्तेचे न्यायालय उरले आहे.